शुभ आधी, लाभ नंतर

दीपावलीच्या लक्ष्मीपूजनाला रायपूरच्या गोलबाजारात दुकानांच्या चौकटीवर एका बाजूस ‘शुभ’ व दुसऱ्या बाजूस ‘लाभ’ असे दोन शब्द शेंदराने रेखिलेले दिसतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावरही हीच जोडी असते. महाराष्ट्रात खळ्यावर धान्य मोजणारा मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. उत्तरेकडे कित्येक ठिकाणी त्याच पहिल्या मापाला ‘राम’ म्हणण्याची रीत आहे. पूर्वजांनी एकाच जागी कोठे राम बसविला आणि कोठे लाभ, हे सहज घडलेले नाही. परमेश्वराच्या साक्षीने मोजलेले जे पदरी पडते, त्यालाच ते लाभ समजत असत. लाभ आणि लोभ यांत लिहिताना एका मात्रेचे अंतर असते, आणि सांप्रतच्या महागाईत गृहस्थाचा जीव मेटाकुटीस आला आहे तो पुष्कळसा या मात्रेमुळे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नफा घेणे हे पाप आहे असे आपले शास्त्र मुळीच म्हणत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी शेती आणि गोरक्षण यांच्याच पंक्तीला वाणिज्य बसविले आहे, आणि पुढे लगेच आपापल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा होते, असा निर्वाळा दिला आहे. अर्थात् ज्याचे दुकान आहे त्याला देवपूजेसाठी दुकान सोडून जाण्याचे कारण नाही. तागडी हेच त्याचे पूजेचे उपकरण आहे. कौटिल्याने तर नफ्याचे प्रमाणही सांगून ठेविले आहे: देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशातून आणिलेल्या मालावर शेकडा १०, त्याहून अधिक घेणाऱ्यास दंड. मनुस्मृतीत राजाला अशी आज्ञा आहे की, माल कोठून आला, कोठे जावयाचा, किती दिवस पडून राहिला, त्यात वाढ किती व घट किती, हे सर्व पाहून दर पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याने भाव ठरवावा. पीक बुडाले, डिझेल चढले, वाहतूक महागली, तर भाव वाढणारच. त्याचा दोष व्यापाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दोष आहे तो निराळ्या ठिकाणी. चौदाव्या अध्यायात रजोगुण वाढल्याचे पहिले लक्षण म्हणून लोभ सांगितला आहे, आणि सोळाव्यात आसुरी संपत्तीच्या मनुष्याचे मनोगत उघड केले आहे: आज इतके मिळविले, उद्या तितके मिळवीन, हे धन माझे झाले, तेही माझेच होईल. आजच्या मोठ्या कंपन्या दर तीन महिन्यांनी जो हिशेब प्रसिद्ध करतात, तो या दृष्टीने वाचून पाहावा. मागच्या तिमाहीत नफा झाला यावर तेथे कोणाचे समाधान नसते. तो त्याच्या आधीच्यापेक्षा अधिक झाला की नाही, एवढाच प्रश्न असतो. ज्या मागणीला शेवट नाही तिला पुरविण्यासाठी कोणाच्या तरी घासातून काढावे लागतेच.

छत्तीसगढाला या लोभाची ओळख फार जुनी आहे. रायपूरहून धमतरी, कांकेरमार्गे बस्तरच्या आठवडी बाजारात जाणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी काहीजण आदिवासींकडून मिठाच्या मोबदल्यात चारोळी घेत असत; एक माप मीठ, एक माप चारोळी. माप तेच, भरले काठोकाठ, हिशेबात कोठे खोट नाही. चारोळी शहरात मिठाच्या किती पटींनी विकली जाते, हे एका पक्षास ठाऊक होते आणि दुसऱ्यास नव्हते, एवढेच. मिठावाचून भागत नाही हेही त्या एका पक्षास ठाऊक होते. पुढे या राज्याने रास्त भावाच्या दुकानांतून गरिबांना मीठ देण्यास आरंभ केला आणि २०१२ साली देशाच्या कायद्याआधी स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, तेव्हा त्यामागे ही जुनी जखम होती असे मला वाटते. ‘मापात पाप’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण बस्तरच्या त्या बाजारात माप शुद्ध होते आणि पाप समोरच्याच्या अज्ञानावर नजर ठेवून केलेल्या संकल्पात होते.

आता बंद पुड्याकडे पाहा. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांसच मिळतो, परंतु त्यातील बिस्किटे हळूहळू कमी होत जातात. वजन पुड्यावर छापलेले असते. कायद्याची अट पुरी होते. पण किंमत न वाढविता वजन का घटविले, याचे उत्तर एकच आहे: गृहिणीच्या ध्यानात येऊ नये. भगवंत कर्मामागील संकल्प पाहतात, आणि जो संकल्प दुसऱ्याच्या नजरचुकीवर जगतो त्याला बस्तरच्या त्या मिठाच्या व्यापाऱ्याहून वेगळे नाव देता येत नाही.

शासनाने याला आळा घालण्याचा यत्न केला नाही असे नाही. वस्तू व सेवा कर २०१७ साली लागू झाला, तेव्हा कर घटला तर भावही घटला पाहिजे असे कलम कायद्यात घातले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक वस्तूंवरील कर शेकडा २८ वरून १८ वर आला. त्याचा पुरा लाभ ग्राहकास पोचविला नाही म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय नफेखोरीविरोधी प्राधिकरणाने हिंदुस्तान युनिलिव्हर या कंपनीवर सुमारे ३८३ कोटी रुपयांचा ठपका ठेविला. कंपनीस तो मान्य नव्हता. काही वस्तूंत आपण वजन वाढवून दिले असे तिचे म्हणणे होते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम घटनेस धरून आहे असा निर्णय दिला. परंतु १ एप्रिल २०२५ पासून त्या कलमाखाली नव्या तक्रारी घेणे थांबले, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, दंतमंजन, केसांचे तेल, बिस्किटे अशा नित्याच्या वस्तूंवरील कर शेकडा ५ वर आला. म्हणजे वस्तू स्वस्त होण्याची वेळ आली तेव्हा दारावरचा तो पहारेकरी उठून गेलेला होता. अशा वेळी कोण भाव उतरवितो आणि कोण जुन्याच भावाने विकून मधली रक्कम पदरात टाकतो, यावरून शुभ आणि लाभ यांतील कोणता शब्द कोणी मनापासून लिहिला होता ते कळते.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजलीची कथा आहे. जाजली ब्राह्मण असा निश्चल उभा राहून तप करी की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले वाढून उडून गेली, तरी तो हलला नाही. आपण धर्म साधला, असा त्याला गर्व झाला. तेव्हा आकाशवाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला येणार नाही. जाजली शोध घेत गेला तो तुलाधार दुकानात बसून रस, सुगंधी द्रव्ये असा माल विकीत होता! उठून त्याने स्वागत केले आणि जाजली कशासाठी आला तेही आपणच सांगितले. त्याने वन पाहिले नव्हते, उपवास केले नव्हते. मद्य तो विकीत नसे. इतर माल दुसऱ्याकडून घेऊन कपट न करता विकी, कोणाशी वैर नाही, कोणाची खुशामत नाही. त्याची तागडी सर्व प्राणिमात्रांस सारखी होती. त्या तागडीपुढे जटेतल्या घरट्याचे तप हलके ठरले. तुलाधाराने दुकान मोडून काय काय दान केले, असे महाभारत सांगत नाही. हे मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण साठेबाजीने मिळविलेल्या पैशातून भंडारा घालणारे व मंदिराला कळस चढविणारे सज्जन आपल्या ओळखीत असतातच. ज्या शंभर घरांतून जादा पैसा काढला, त्या घरांना भंडाऱ्याची एक पंगत परत मिळत नाही. गीताप्रेसचे संस्थापक जयदयालजी गोयंदका हे स्वतः व्यापारी होते, आणि व्यापारातील सचोटीविषयी त्यांनी आग्रहाने लिहिले आहे.

पण लोभ काही दुकानदाराच्या गादीवरच बसलेला असतो, असे नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपले अशी अफवा उठली आणि दिल्ली, उत्तर प्रदेशातील कित्येक शहरांत लोकांनी एकेका घरात वर्षाचे मीठ भरले. काही ठिकाणी भाव किलोला दोनशे रुपयांवर गेला. समुद्र होता तेथेच होता. ज्याने दहा किलो मीठ उचलले, त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मोलकरणीला ते मिळाले नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आज मध्यमवर्गीय गृहस्थ दरमहा काही रक्कम म्युच्युअल फंडात घालतो, आणि फंडाने शेकडा १५ दिले नाहीत तर नाराज होतो. हे १५ कोठून यावयाचे? पुष्कळदा त्याच साबणाच्या वडीतून आणि बिस्किटाच्या पुड्यातून, ज्यांच्या भावाविषयी त्याची पत्नी सकाळी कुरकुर करीत होती. नफा मागणारा आणि महागाईने पिचणारा, दोघे एकाच घरात राहतात. पैसा गुंतवू नये असे माझे म्हणणे नाही. किती परतावा मिळाला म्हणजे पुरे, हा प्रश्न त्या गृहस्थाने स्वतःस विचारलेला असावा.

काही भाविक म्हणतात की, दुःख सहन करावे अशी भगवंतांची आज्ञा आहे, तेव्हा भाववाढही मुकाट्याने सोसावी. सहन करावयाची ती थंडी-ऊन, मान-अपमान. समोरच्याला अधर्म करू देणे हा त्याच्यावर उपकार होत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासह हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातील दिवा विझला नव्हता. मोर्चा सर्वांस साधत नाही. पुड्यावरचे वजन वाचणे साधते, पावती मागणे साधते, अधिक भाव लावला तर १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविणेही साधते, आणि शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराकडे दोन पैसे अधिक पडले तरी जाणे तर खासच साधते.

भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांना पौष पौर्णिमेचा छेरछेरा परिचित असेल. धान झोडून कोठीत पडले की त्या दिवशी मुले झोळ्या घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर त्यांना नव्या धानाचा वाटा देते. मागणारा गरीबच असतो असे नाही, आणि त्या दिवशी कोणाला विन्मुख पाठवीत नाहीत. देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटाच भोगतो तो चोर होय, असे तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. छत्तीसगढचा शेतकरी ते वर्षातून एक दिवस सुपाने करून दाखवितो. यंदाच्या पौष पौर्णिमेला सकाळी दार उघडे ठेवावे. घरी धान नसेल तर तांदूळही चालतात.