नाव झाकलं की न्याय होतो?

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका छोट्या ओपन सोर्स परिषदेसाठी आलेली प्रपोजल्स गोळा करणं, ती रिव्ह्यूअर्सना वाटणं आणि शेवटी यादी लावणं, हे काम माझ्याकडे होतं. आम्ही सगळेच स्वयंसेवक; दिवसा नोकरी, रात्री हे. प्रपोजल्स शंभराच्या वर आणि जागा १८. म्हणजे नाव निवडीचं असलं, तरी काम मुख्यतः नाकारण्याचंच.

आम्ही वक्त्यांची नावं रिव्ह्यूअर्सपासून झाकली होती. बाई की पुरुष, बड्या कंपनीतला की कॉलेजातला, हे कळू नये म्हणून. आपल्याकडे नुसत्या आडनावावरून लोक काय काय ताडतात, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक प्रपोजल तिघांनी वाचायचं, पाचपैकी गुण द्यायचे. व्यवस्था बघणारी म्हणून मला नावं दिसत होती. त्यामुळे मी गुण द्यायचे नाहीत, असं ठरलं होतं.

त्यात एक चार ओळींचं प्रपोजल होतं, अडखळत्या इंग्रजीत लिहिलेलं. विषय होता जुन्या डीटीपी फॉन्टांमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा. त्या फॉन्टांमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा होतो. शिवाय तिथे ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टाइप केलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर साठवावा लागतो. रफाराचं नेमकं उलटं. हे सगळं जागच्या जागी बसवणं किचकट काम आहे. प्रपोजलला गुण मिळाले ५, २ आणि २. पाच देणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘या माणसाला हे आतून माहीत आहे.’ बाकीच्या दोघांनी लिहिलं होतं, ‘मांडणी अस्पष्ट.’ सरासरी ३. यादीतून बाहेर.

नाव मी ओळखलं. तालुक्याच्या गावी छापखान्यात काम करणारे हे गृहस्थ. त्यांनी लिहिलेल्या कन्व्हर्टरमुळेच माझ्या आजोबांच्या लेखांच्या फाइल्स वाचल्या होत्या.

आता बोलावं का? आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, “अगं, तूच बोलणार असशील तर नियम केला कशाला?” खरंच होतं ते. लायक माणसासाठी लावला तरी वशिला तो वशिलाच. ज्यांना मी ओळखत नव्हते, त्यांच्यासाठी कोण बोलणार होतं? मी गप्प बसले.

नियम पाळूनही मला स्वस्थ वाटेना. २०१४ साली मशीन लर्निंगच्या एका मोठ्या परिषदेनं, आजच्या न्यूरिप्सनं, १६६ शोधनिबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले होते. साधारण चौथा हिस्सा निबंधांवर दोघींचे निर्णय वेगळे आले. एकीनं स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीनं नाकारले. निबंध तेच, फक्त वाचणारे वेगळे. मग आमच्या ३ या आकड्याला मी निकाल का समजत होते?

त्याहून टोचणारी गोष्ट दुसरी. नाव झाकल्यावर उरते ती भाषा. सफाईदार इंग्रजी शाळेतून येतं, ऑफिसातून येतं आणि त्या जागा कुणाला मिळतात हे पुष्कळदा आडनावच ठरवतं. जे आम्ही दारातून बाहेर काढलं, ते व्याकरणाच्या खिडकीतून आत आलं. झाकण्याला माझा विरोध नाही; न झाकता याहून वाईटच झालं असतं. पण झाकलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं मी धरून चालले होते.

नकाराच्या ठरावीक मेलमधलं वाक्य बघा: ‘आपल्या प्रपोजलची निवड होऊ शकली नाही.’ यात कर्ताच नाही. ‘आम्ही निवडलं नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांना मी वेगळी मेल लिहिली, तिन्ही शेऱ्यांसकट. उत्तर आलं: “ठीक आहे ताई. मराठीत लिहिलं तर चालतं का, हे विचारायचं राहून गेलं.”

चाललं असतं. फॉर्मवर तसं आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं.

यंदा फॉर्मवर पहिल्याच ओळीत ते लिहिलं आहे. मुदतीआधी दोन शनिवार, प्रपोजल लिहायला मदत हवी असेल त्यांच्यासाठी आम्ही ऑनलाइन बसतो. ही मदत करणारे गुण देत नाहीत. आणि ५-२-२ सारखी फाटलेली मतं सरासरीत न बुडवता तिघांनी एकत्र बसून बोलायची. यानं न्याय होईलच, असं मी म्हणत नाही.

मुदत रविवारी संपते आहे. त्यांचं प्रपोजल अजून आलेलं नाही. आठवण करून द्यावी, असं रोज मनात येतं आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो: हा वशिला नाही का? शेवटी काल रात्री गेल्या वर्षी नाकारलेल्या सगळ्यांनाच मेल पाठवली. मराठीत लिहिलं तर चालतं, हे सांगणारी. या वेळी वाक्यात कर्ता घातला.