पतंग आणि फुलपाखरू : खुणांचे मोल

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जीच्या परिसरात, जिथे कपाशी, पानमळे आणि संत्र्याच्या बागा शेजारी शेजारी नांदतात, तिथे फुलपाखरू आणि पतंग यांतील भेद हा केवळ हौशी निरीक्षकाचा विषय राहत नाही. दिवसा उडते ते फुलपाखरू आणि रात्री दिव्यावर येतो तो पतंग, ही सर्वपरिचित कसोटी लवकरच अपुरी पडते. कारण पारदर्शक पंखांचे काही पतंग भर उन्हात फुलासमोर हवेत थांबून मध शोषतात, तर वाळक्या पानासारखे दिसणारे ‘इव्हनिंग ब्राउन’ फुलपाखरू दिवेलागणीलाच बाहेर पडते. रंगाची खूणही अशीच डळमळीत आहे. त्या मानाने शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा, अधिक विश्वासाच्या: फुलपाखराच्या शृंगिकेचे टोक गाठीसारखे फुगलेले असते, तर पतंगाची शृंगिका दोऱ्यासारखी निमुळती किंवा पिसासारखी असते. मादीचा गंध नर पतंग या शृंगिकेनेच दुरून टिपतो, आणि कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे याच घ्राणशक्तीवर चालतात.

प्रत्येक खुणेला अपवाद का सापडतो, याचे उत्तर वंशावळीत आहे. खवलेपंखी, म्हणजे पंखांवर सूक्ष्म खवले असलेल्या कीटकांच्या सुमारे १,६०,००० ज्ञात जातींपैकी बहुतेक पतंगच आहेत आणि फुलपाखरे ही त्याच विस्तारातून फुटलेली, सुमारे १८,००० जातींची एक फांदी आहे. उडताना मागचा पंख पुढच्यात अडकवणारा राठ केस हा पतंगांचा खास अवयव, पण एका ऑस्ट्रेलियन फुलपाखराच्या नरातही तो आढळतो. म्हणून अनेक खुणा एकत्र तोलूनच निर्णय करावा लागतो.

फुलपाखरू निरुपद्रवी आणि पतंग तेवढा नासाडी करणारा, ही समजूत तर संत्र्याच्या बागेत मुळीच टिकत नाही. लिंबू फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळी अंडी एकेक करून घालते. त्यांतून निघणारी अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते आणि रोपवाटिकेतील कलमांची पाने फस्त करते. फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचे नेमके उलट आहे: तो प्रौढावस्थेत, रात्री, दातेरी सोंड पिकत्या फळात खुपसतो, आणि त्या छिद्रातून बुरशी शिरली की फळ गळते. त्याची अळी मात्र संत्र्याला शिवतही नाही. ती धुऱ्यावरच्या गुळवेल आणि वासनवेल यांवर वाढते, त्यामुळे बागेतली फळगळ रोखण्यासाठी धुऱ्यावरच्या या वेली काढाव्या लागतात. त्यांतली गुळवेल औषधी म्हणून अनेक घरांत जपली जाते, हीच त्यातली खरी अडचण आहे.