प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणाऱ्यास इंजिनापेक्षा क्षुल्लक वस्तूच अधिक जेरीस आणतात. इंजिनाचे काम जाणणारे कारागीर भेटतात. परंतु दाराची मूठ किंवा दिव्याची कडी घडविणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला असतो. 1930 च्या सुमारास असे पुष्कळ भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीत असत. त्यात शिशाचा अल्पसा अंश राहिला असेल, तर कालांतराने धातू आतून फुगतो, भेगाळतो आणि अखेर बोटांनी चुरता येतो. जुन्या बाजारात शोधावे, तर त्याचे भाऊबंदही त्याच व्याधीने गेलेले! मग नवा भाग घडविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

घडविण्याची रीत आपल्या ओताऱ्यांना परकी नाही. मेणाचा नमुना करावा, त्यावर मातीचे लेप द्यावेत, मेण वितळवून काढावे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावा. मात्र पितळ थिजताना शेकडा सुमारे दीड भाग आकसते. म्हणून नमुना मुद्दाम किंचित मोठा धरावा लागतो, नाहीतर नवी मूठ जुन्या भोकांत बसत नाही.

आता खरा प्रश्न. जुन्या मुठीच्या पाठीवर मूळ कारखान्याची मुद्रा असते. तिच्यावरून साचा घेतला की ती मुद्रा मेणात आपोआप उतरते. ती पुसावयाची तर हात चालवावा लागतो. न पुसण्यास काहीच कष्ट नाहीत. येथे असत्य विनासायास घडते.

यावर आक्षेप असा, की गाडी जर तीच, तर तिच्या एका मुठीने आपले नवेपण का सांगावे? हा आक्षेप पोकळ नाही. 1929 व 1930 साली ले मान्सची शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलेचा खटला 1990 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात चालला. विजयाच्या काळचे भाग तीत फारच थोडे उरले होते. तरीही वेळोवेळी बदलत गेलेल्या त्या गाडीचे अस्तित्व कधी खंडित झाले नव्हते, म्हणून तिचे नाव न्यायाधीशांनी तिच्याकडेच राहू दिले. आपल्याला हे नवल वाटू नये. 1560 मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. देऊळ नवे झाले, म्हणून दैवत निराळे झाले असे कोणी म्हणत नाही.

परंतु सातत्य आहे ते समग्र वस्तूचे. काल ओतलेल्या मुठीला ते कोठून येणार? शिवाय मूठ गाडीलाच जन्मभर चिकटून राहत नाही. उद्या ती निखळते, पेटीत पडते, मालक बदलतो. आणि मुद्रा पाहून कोणी भाबडा मनुष्य तिला अस्सल समजून दाम मोजतो. ज्याने ती ओतली त्याच्या मनात कपट नसेलही. फसवणूक मात्र त्याच्याच हातची.

वास्तूंसंबंधी 1964 च्या व्हेनिस येथील सनदेने म्हटले आहे, की नवा भाग समग्राशी सुसंवादी असावा, तरी मूळापासून ओळखू यावा. मोटारीला ही कसोटी लावण्यास मला काही अडचण दिसत नाही. दर्शनी बाजू हुबेहूब असू द्यावी. तेथे डोळ्यांचा हक्क आहे. पाठीवरची जुनी मुद्रा मेण मऊ असतानाच खरवडावी आणि तेथे घडविणाऱ्याचे आद्याक्षर व साल कोरावे. मूठ दारावर बसली की ते कोणास दिसत नाही. जो ती उकलील, त्यालाच दिसते.