अन्नदान आणि अन्नाचा हक्क

सोलापूर सोडून वाडीच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात होटगीस पोचते. येथून विजापूरवरून गदगेस जाणारा फाटा फुटतो. बहुतेक प्रवाशांच्या लेखी हे केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण; परंतु हा फाटा कशासाठी पडला हे ज्यास ठाऊक आहे, तो येथे क्षणभर विचारात पडल्यावाचून राहणार नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर, टंचाईच्या मुलखात धान्य त्वरेने पोचावे म्हणून जे लोहमार्ग घालण्यात आले, त्यांपैकी हा एक होय. तो १८८४ मध्ये सुरू झाला. होटगी जंक्शन हे भुकेचेच अपत्य आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि सोलापुरास आगगाडी १८६० मध्येच आली होती. म्हणजे दुष्काळात धान्य आणण्याचे साधन दारात होते. नव्हता तो मजुराच्या गाठी पैसा. दुष्काळी कामावरील माणसाची मजुरी रिचर्ड टेंपल यांनी दिवसास एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिचा निषेध केला आणि कित्येक मजुरांनी कामेच सोडली. अन्न गावापर्यंत आणणे हा एक प्रश्न; ते भुकेल्याच्या ताटात कोणत्या नात्याने पडावे, हा दुसरा. लोहमार्गाने पहिला सुटतो, दुसरा सुटत नाही.

आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे: अन्नदान. पण याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा नीट आठवावी. त्यांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे लोकांना खुली केली. विठोबाने महाराचे रूप घेऊन त्या धान्याची किंमत दरबारात भरली, असे परंपरा सांगते. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते, आणि ते धान्य तर पंतांचे नव्हते. मग त्यांच्या कृत्यास काय म्हणावे? एक तर अपहार, नाही तर न्याय. लोकांनी त्यांस संतांत बसविले, म्हणजे आपला निर्णय देऊन टाकला. उपाशी माणसाचा कोठारावर अधिकार असतो, हे तत्त्व कोणत्याही कायद्याच्या आधी आमच्या लोकमानसाने मान्य केले आहे.

होटगीच्या बृहन्मठामुळे हे गाव वीरशैव समाजास परिचित आहे. त्या परंपरेतील ‘दासोह’ ही कल्पनाही येथे विचारार्ह आहे. अन्न देणारा हा दाता नव्हे, दास होय, असा तिचा भाव आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची एवढी काळजी आमच्या नेहमीच्या अन्नदानात क्वचितच दिसते.

कोणी म्हणेल, हक्क म्हटला की माणूस आळशी होतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांनी भीक मागितली नाही, खडी फोडण्याचे काम मागितले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेस पुढे १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो धान्याचा अधिकार दिला; २०२३ पासून ते विनामूल्य मिळू लागले.

मग प्रश्न मिटला काय? आम्ही एकदा एका उत्सवात पंगतीस वाढीत होतो. एक वृद्धा पदर पुढे ओढून बसली होती. पूर्वी आमच्याकडे धुणीभांडी करणारी ती बाई आम्ही ओळखली, आणि रेशनचे धान्य मिळत नाही काय, असे विचारले. ‘‘अंगठा उठत नाही म्हणतात, दादा,’’ ती म्हणाली. जन्मभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. त्यांत आमच्या घरच्या भांड्यांचाही वाटा होता. अशा प्रसंगी पर्यायी सोय नियमांत आहे. परंतु तिच्याबरोबर दुकानापर्यंत जाऊन ते सांगणारे कोणी नव्हते. तिला वाढताना आम्हांस जे समाधान वाटत होते, ते त्या क्षणी ओसरले. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाण्यास अर्धा दिवस लागला. पंगतीपेक्षा हे काम कंटाळवाणे होते, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या मते समाजाचे खरे कर्तव्य येथेच आहे. हक्क कागदावर लिहिण्याचे काम सरकारचे. तो माणसाच्या हाती पडतो की नाही, हे पाहणे शेजाऱ्याचे. कायद्याने रेशन दुकानावर दक्षता समित्या नेमावयास सांगितल्या आहेत. त्यांत बसण्यास, अर्ज भरून देण्यास, ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबास आपले धान्य परगावीही घेता येते हे समजावून सांगण्यास पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि दाता म्हणवून घेण्याची हौस सोडावी लागते. पंगती अवश्य घालाव्यात; संकटकाळी त्यांवाचून गत्यंतर नसते. पण त्या पंगतीत कोण बसले आहे आणि त्यास आज येथे का यावे लागले, हे वाढणाऱ्याने एकदा विचारावे. दासोहाचा अर्थ आम्ही तरी असाच समजतो.