अपयश कोणी सोसायचं?

वडोदऱ्यात सी-२९५ हे लष्करी मालवाहू विमान जुळवलं जातं, पण त्याचं इंजिन कॅनडातल्या कंपनीचं आहे. आपलं 'कावेरी' जेट इंजिन तेजस या लढाऊ विमानासाठी १९८९ मध्ये मंजूर झालं. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं, तरी काम सुरूच राहिलं. मला ते योग्य वाटतं. धातू वितळेल इतक्या तापलेल्या वायूत टिकणारं पातं एका प्रयत्नात बनत नाही.

आमच्या यवतमाळचा कोरडवाहू कास्तकार दरवर्षी कपाशीचं संकरित बियाणं विकत घेतो. पाऊस दगा देतो, कर्ज वाढतं. प्रयोगशाळेचं अपयश देश वाटून घेतो, कास्तकाराचं त्याच्या घरावर पडतं. इंजिनाला पैसा द्याच. पण तोच धीर त्याच्या वाट्याला का येत नाही?