उरलेल्या दिवसांचा हिशेब
शास्त्रपाठ : 2 शमुवेल 19 : 31-40

दावीद राजा अबशालोमापुढून पळून महनाईमास गेला, तेव्हा ज्यांनी त्याच्या भुकेल्या लोकांस अंथरुणे, गहू, मसूर व मध पुरविला, त्यांत बर्जिल्लय गिलादी हा होता. त्याचे वय 80 वर्षांचे होते. पुढे राजाने त्यास यरुशलेमेस येण्याचा आग्रह केला, तेव्हा त्याने नम्रपणे नाही म्हटले. जिभेस चव राहिली नाही, कानांस गाणे ऐकू येत नाही, आणि आता आपले दिवस ते किती उरले, असे त्याचे म्हणणे होते.

हाच प्रश्न आमच्या घरांतही निघतो. परंतु वृद्ध नव्हे, तर आम्ही तो विचारतो. "आता यांचे किती दिवस राहिले?" असे म्हणून आम्ही आजीचा मोतीबिंदू तसाच राहू देतो. आमच्या देशाचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास आहे, म्हणून त्यापुढील मनुष्याचे आयुष्य सरले, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. त्या सरासरीत बाळपणी मेलेल्यांचीही गणना असते. जो वार्धक्यास पोहोचला, त्याचा हिशेब निराळा होय. जपानासारख्या देशात 90 वर्षांच्या मनुष्यास सरासरीने आणखी चार-पाच वर्षे लाभतात, व शंभरी गाठलेल्यासही सुमारे दोन.

इतकी वर्षे अंधारात काढावयास लावणे ही लहान गोष्ट आहे काय? केवळ वय झाले म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. दिसत नाही म्हणून म्हातारा मनुष्य ओल्या मोरीत पडतो, खुब्याचे हाड मोडते, तो अंथरुणास खिळतो, आणि मग फुप्फुसाचा दाह त्यास नेतो. लोक म्हणतात, वय झाले होते. परंतु दाराशी एक दिवा व हाती एक काठी असती, तर कदाचित तसे न होते.

तथापि दाविदाकडून आणखी एक धडा घ्यावा. त्याने वृद्धास विचारले, आणि त्याचे उत्तर मानले. आपल्या नगरात, आईबापांच्या कबरेजवळ मरण यावे, ही बर्जिल्लयाची इच्छा होती. राजाने बळजबरी केली नाही. त्याचे चुंबन घेऊन व त्यास आशीर्वाद देऊन निरोप दिला. तसेच आम्हीही औषधोपचार वा प्रवास ठरविण्यापूर्वी आपल्या वृद्धांस विचारावे.

उपदेशक बंधूंनी या आठवड्यात आपल्या गावातील अतिवृद्धांच्या घरी जावे, डोळे, कान व पाय यांची विचारपूस करावी, आणि मग प्रार्थना करावी. दिवस मोजणे देवाकडे आहे. उरलेल्या दिवसांत त्यांची सेवा करणे आमच्याकडे. प्रभू आम्हांस तशी बुद्धी देवो.