मुलगाच राहिलेल्या बापाचा मुलगा

डेमियन वेन पहिल्यांदा बापाच्या घरी आला तेव्हा दहा वर्षांचा होता. घर म्हणजे गॉथम शहराजवळची वेन हवेली आणि तिच्या पोटातली वटवाघळांची गुहा. बाप म्हणजे ब्रूस वेन, अर्थात बॅटमन. आईनं, तालिया अल गूलनं, त्याला मारेकऱ्यांच्या संघात वाढवलं होतं. तलवार, द्वंद्वयुद्ध, भाषा, सगळं त्या वयात शिकवून झालं होतं. बापाची मर्जी कशी मिळवायची हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. एका रात्री एकटाच बाहेर पडला, स्पूक नावाच्या गुन्हेगाराचं मुंडकं उडवलं, आणि बापाच्या कामाला आपण हातभार लावला अशा समजुतीत राहिला.

ग्रँट मॉरिसन यांनी लिहिलेली आणि अँडी क्युबर्ट यांनी चितारलेली ही कथा २००६ साली ‘बॅटमन’ मासिकाच्या ६५५ व्या अंकापासून सुरू झाली. हा पोरगा पुष्कळ वाचकांना तेव्हा नकोसा वाटला, आणि ते स्वाभाविकच होतं. तो घराचा जुना कारभारी आल्फ्रेड याच्याशी नोकराशी बोलावं तसं बोलतो, आधीपासून बॅटमनचा साथीदार रॉबिन असलेल्या टिम ड्रेकला बेसावध गाठून बडवतो, रक्ताचा वारस मीच असं तोंडावर सांगतो. तरी त्या मुंडक्याच्या प्रसंगात मला क्रौर्यापेक्षा आर्जव जास्त दिसतं. मूल आपल्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू बापापुढे ठेवतं. याच्याकडे मोलाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

या मुलाची कागदावरची जन्मकथाही विचित्र आहे. १९८७ साली माइक बार आणि जेरी बिंगहॅम यांच्या ‘सन ऑफ द डीमन’ या पुस्तकात तालियाला बॅटमनपासून दिवस राहतात. गर्भ राहिला नाही असं ती त्याला खोटंच सांगते, आणि शेवटी ते बाळ एका अनाथालयाच्या दारात सापडतं. त्याला नाव नाही. प्रकाशकांनी पुढे ती कथा मुख्य प्रवाहातून बाजूलाच ठेवली. म्हणजे बॅटमनचा मुलगा एकोणीस वर्षं कुठेतरी होता आणि नव्हताही. मॉरिसननी त्याला परत आणलं तेव्हा त्याच्यावर दोन घराण्यांचा दावा होता. आईकडून रास अल गूल, शतकानुशतकं जगलेला आजोबा, जगाची घडी आपल्या हातांनी बसवू पाहणारा. बापाकडून बॅटमन. तालियाचंही सगळं आयुष्य अशाच एका बापाच्या हुकमतीत गेलेलं. वडाखाली दुसरं झाड वाढत नाही, असं आपण थोरांच्या मुलांबद्दल नेहमी म्हणतो. डेमियनच्या बाबतीत मला ते पुरेसं वाटत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. त्याचा बाप स्वतःच अजून कुणाचा तरी मुलगा आहे, त्याहून मोठा तो झालेलाच नाही.

मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बिल फिंगर आणि बॉब केन यांचा बॅटमन अवतरला. तो असा का आहे हे मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ३३ व्या अंकात, अवघ्या दोन पानांत सांगितलं गेलं. रस्त्यात आईबाप गोळ्यांनी पडतात, आणि काही दिवसांनी तो मुलगा पलंगाशी गुडघे टेकून शपथ घेतो. त्यानंतर ब्रूस वेनचं शरीर वाढलं, विद्या वाढली, संपत्ती होतीच. वय मात्र त्या पलंगाशी थांबलं. खिडकीतून वटवाघूळ आत आलं म्हणून आपण हा वेष घेतला असं तो मानतो. पण १९५६ सालच्या २३५ व्या अंकात त्याला कळतं की त्याचे वडील, डॉक्टर थॉमस वेन, एका वेषभूषेच्या मेजवानीला असाच वटवाघळाचा पोशाख घालून गेले होते आणि त्याच पोशाखात गुंडांशी लढले होते. आपली म्हणून जपलेली ओळखसुद्धा बापाची निघाली. ही कथा मला जुन्या अंकांतली सर्वांत क्रूर वाटते, आणि ती लिहिणाऱ्यांचा तसा हेतू नव्हता म्हणून अधिकच.

दुसरी गोष्ट न मारण्याच्या व्रताची. आज बॅटमन म्हटलं की हे व्रत आधी आठवतं. पण पहिल्या वर्षात ते नव्हतं. पहिल्याच कथेत खलनायक त्याच्या ठोशानं आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमनला त्याचं काही वाटत नाही. १९४० च्या वसंतात निघालेल्या ‘बॅटमन’च्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. मग संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे थांबवलं: नायकानं माणसं मारायची नाहीत, बंदूक वापरायची नाही. त्याच वसंतात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, आला. घरात मूल आलं त्याच सुमाराला हत्या बाहेर गेली. सहासष्ट वर्षांनी आणखी एक मूल आलं आणि हत्या आपल्यासोबत घेऊन आलं. डेमियनला पाहताना बॅटमन जो दचकतो त्यामागे परकेपणा नाही. त्याला त्या मुलात स्वतःचं पहिलं वर्ष दिसतं, जे त्यानं कथेतून पुसून टाकलं होतं.

मराठी वाचकानं घराण्याचा मुखवटा पहिल्यांदा पाहिला तो वेताळाच्या चेहऱ्यावर. ली फॉक यांचा हा नायक १९३६ चा. टाइम्स समूहानं १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि तो मराठीतही घरोघरी पोचला. कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, गुहेतल्या बखरी, आणि बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलाला वाटतं, माणूस एकच आहे, अमर आहे. तिथे बापाच्या सावलीचं दुःखच नाही, कारण सावलीत शिरून तिच्याशी एकरूप व्हायचं एवढंच मुलाचं काम. लहानपणी ते किती निर्विघ्न वाटायचं! एकवीस पिढ्यांत एकाही मुलाला दुसरं काही व्हावंसं वाटलं नसेल का, हा प्रश्न मोठेपणी पडतो.

डेमियनला वेताळाची वाट मिळत नाही, कारण बॅटमनची शपथ एका जखमेतून आली आहे. शपथ वारशानं देता येते, जखम देता येत नाही. डेमियनचे आईबाप दोघंही जिवंत, दोघंही बलाढ्य, दोघंही त्याच्यावर हक्क सांगणारे. बापाला जे कधी मिळालं नाही तेच याच्याकडे नको इतकं आहे. २०११ साली पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसन यांनी ‘बॅटमन अँड रॉबिन’ नव्यानं सुरू केलं. त्याच्या पहिल्याच अंकात ब्रूस या मुलाला, आईबाप मारले गेले त्या क्राइम ॲलीखालच्या गटारात नेतो, कागदी नावेत मेणबत्ती लावून ती पाण्यात सोडतो, आणि सांगतो की यापुढे आपण आईबाबांच्या मृत्यूचा दिवस पाळायचा नाही, लग्नाचा वाढदिवस पाळायचा. ब्रूससाठी ही केवढी मोठी उडी आहे. मुलाला मात्र त्यातलं काही पोचत नाही. न पाहिलेल्या आजी-आजोबांसाठी या घाणीत का उभं राहायचं, हे त्याला उमगत नाही. मला या पानावर दोघांचंही पटतं, आणि दोघांचीही कीव येते. बाप आपल्या आयुष्यातली सर्वांत पवित्र जागा दाखवतोय, आणि मुलाला दिसतंय फक्त गटार.

याच मालिकेत नोबडी नावाचा खलनायक आहे, खरं नाव मॉर्गन ड्यूकार्ड. ज्या आंरी ड्यूकार्डनं तरुण ब्रूसला शिकवलं त्याचा हा मुलगा, बापानं परक्या पोराला जास्त मानलं या सलात वाढलेला. तो डेमियनला आपल्याकडे ओढू पाहतो, आणि या मुलाला हेरायला त्याला वेळ लागत नाही. एक उपेक्षित मुलगा दुसऱ्याला ओळखतोच. शेवटी बॅटमन ड्यूकार्डला मरेस्तोवर मारतो आणि अगदी कडेला येऊन थांबतो. जमिनीवर पडलेला ड्यूकार्ड बोलत राहतो: मी परत येईन, तुमच्या मागे लागेन. डेमियन पुढे होतो आणि दोन बोटं त्याच्या कपाळात खुपसतो. एका क्षणात सगळं संपतं. २०१२ च्या सातव्या अंकातलं ते पान पाहिलं तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर विजय नाही, राग ओसरल्यावरचा रितेपणा आहे. नियम त्याला ठाऊक होता. तो बापाचा नियम होता. बापानं तो स्वतःसाठी केला होता, यानं तो फक्त ऐकला होता. दुसऱ्यानं केलेला नियम आपला व्हायचा तर तो एकदा आपल्या हातून मोडावा लागतो का? मी या प्रश्नाशी अनेकदा थांबलो आहे आणि होकार देताना मला भीती वाटते, कारण इथे मोडणं म्हणजे एका माणसाचा जीव आहे.

‘बॅटमन’च्या ६६६ व्या अंकात मॉरिसननी भविष्यातला डेमियन दाखवला. मोठा झालेला, लांब कोट घातलेला, स्वतःच बॅटमन झालेला. सोबतीला एक मांजर, नाव आल्फ्रेड. तो मारतो. आणि तिथे तो जे कबूल करतो ते थोर बापाच्या मुलांच्या साऱ्या कहाण्यांत मला सर्वांत खरं वाटतं. आपण वडिलांइतके चांगले कधीच होणार नाही, डिकइतकेही नाही, हे त्याला आधीपासून माहीत होतं. पण शहराला दगा देणार नाही हे वचन होतं. म्हणून त्यानं वेगळी विद्या धरली: लबाडी. शहरभर इमारतींत त्यानं आधीच सुरुंग आणि सापळे पेरून ठेवले आहेत. बाप प्रत्येक रात्री शरीर पणाला लावून जिंकायचा, मुलगा खेळ सुरू होण्याआधीच पट फिरवून ठेवतो. थोरांची बहुतेक मुलं आयुष्यभर बापाच्याच पद्धतीनं हरत राहतात. यानं आपली मर्यादा मोजली आणि तिच्यातूनच एक पद्धत काढली. ती सुंदर नाही. पण तिची सगळी किंमत तो स्वतः भरतो, आत्म्यासकट. कारण शहर वाचावं म्हणून सैतानाशी सौदाही त्यानंच केलेला असतो.

या मुलाला खरं बाळपण मिळालं ते बाप नसताना. २००९ साली ब्रूस मेला असं मानलं जात होतं तेव्हा डिक ग्रेसन बॅटमन झाला आणि डेमियन रॉबिन. फ्रँक क्वाइटली यांच्या रेषेतले पहिले अंक पाहावेत: बॅटमन हसरा, रॉबिन आठ्या घातलेला, नेहमीची जोडी पार उलटी. डिक सर्कशीत वाढलेला. त्यानंही आईबाप डोळ्यांदेखत गमावले, पण तो त्या रात्रीतून बाहेर पडून मोठा झाला. म्हणूनच त्याला दुसऱ्याच्या मुलाला वाढवता येतं. तो चुकू देतो, उलट बोलू देतो, आणि मुलगा परत येईल यावर भरवसा ठेवतो. आईनं त्याच काळात डेमियनला सांगितलं की तुझी नवी प्रतिकृती मी वाढवायला घेतली आहे, तू आता आमच्या घराचा शत्रू. तो हललासुद्धा नाही. त्याचं घर तोवर ठरलं होतं.

आणि मग ती गाय. २०१२ च्या ‘बॅटमन इनकॉर्पोरेटेड’च्या नव्या मालिकेत बापलेक एका कत्तलखान्यात लढतात. लढाई संपल्यावर चेहऱ्यावर वटवाघळासारखी खूण असलेल्या एका गायीला डेमियन सोबत घेऊन येतो आणि सांगून टाकतो की आजपासून आपण मांस खाणार नाही. वाचक या प्रसंगावर हसतात. मी त्याला या मुलाच्या चरित्राचा मध्य मानतो. माणूस मारू नये हा बापाचा नियम. प्राणी खाऊ नये हा कुणाचाच नव्हता. बापानं सांगितलं नाही, आईनं नाही, आल्फ्रेडनं नाही. दहाव्या वर्षी मुंडकं उडवणाऱ्या मुलानं स्वतःहून आखलेली ही पहिली रेघ, आणि ती बापाच्या रेघेच्याही पुढे जाते.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्याच मालिकेच्या आठव्या अंकात तो मारला गेला, आईनं बनवलेल्या त्या प्रतिकृतीच्या हातून. ‘बॅटमन अँड रॉबिन’चा त्यानंतरचा १८ वा अंक संवादाविना आहे. आल्फ्रेड अर्ध्या रंगवलेल्या कौटुंबिक चित्रापुढे बसलाय. ब्रूस घरभर फिरतो, रात्री बाहेर जातो तर सोबतीची जागा मोकळी, मग मुलानं लिहून ठेवलेली चिठ्ठी सापडते. शेवटी रॉबिनचा रिकामा पोशाख छातीशी धरून तो कोसळतो. सत्तर वर्षं जो आईबापांसाठी रडत होता तो पहिल्यांदा बाप म्हणून रडतो. कॉमिक्समध्ये मेलेली माणसं परततात, डेमियनही दोन वर्षांच्या आत परतला. त्यानं या अंकाचं वजन कमी होतं असं मी मानत नाही.

२०१७ साली ‘बॅटमन’च्या नव्या मालिकेच्या २२ व्या अंकात तर खुद्द थॉमस वेनच भेटतो, दुसऱ्या एका विश्वातला. तिथे गल्लीत मुलगा मेला होता आणि बापच बॅटमन झाला होता, बंदूक वापरणारा, मारणारा. वेन घराण्यात हत्येची वाट आजोबाकडून थेट नातवाकडे गेलेली दिसते, मधला एकटाच तिच्यापासून दूर झाला. जाताना हा आजोबा ब्रूसला विनवतो की हे सगळं सोडून दे, माझ्यासाठी करू नकोस, आईसाठीही नको. मला जे जमलं नाही ते कर, तुझ्या मुलाचा बाप हो. ज्याच्यासाठी शपथ घेतली त्यानंच ती मोडायची परवानगी दिली. असा क्षण किती मुलांच्या वाट्याला येतो! ब्रूस थबकतो, विचारात पडतो, आणि तरीही बॅटमनच राहतो.

राहावंच लागतं. मासिक दर महिन्याला निघायचं आहे आणि त्याच्या मुखपृष्ठावर बॅटमन लागतो. म्हणून बाप म्हातारा होत नाही, आणि मुलगा इतक्या वर्षांत दहाचा जेमतेम चौदाचा होतो. ६६६ व्या अंकातलं भविष्य भविष्यच राहतं. व्यवहारानं घातलेला हा पायबंद मला मनापासून खुपतो. पण त्याच्याच आत चांगले लेखक जागा शोधतात याचं कौतुकही वाटतं. २०२१ साली सुरू झालेल्या ‘रॉबिन’च्या सतरा अंकांत जोशुआ विल्यमसन यांनी डेमियनला बापापासून दूर, मारेकऱ्यांच्या स्पर्धेसाठी एका बेटावर पाठवलं. तिथे तो लढतो, मरतो, पुन्हा उठतो. त्या स्पर्धेचा तसा नियमच आहे. आणि मधल्या वेळात एकटाच बसून जपानी प्रेमकथांची मांगा वाचतो. बापाच्या गुहेत त्याला हे वाचताना कुणी पाहिलं नसतं, आणि आईच्या किल्ल्यात तर ते पुस्तक आलंच नसतं. ज्यांनी डेमियनला पहिल्या अंकातच नावडता ठरवून सोडून दिलं, त्यांनी हे सतरा अंक तरी वाचावेत.